लांब सजदा

अम्मांना जाऊन दीड वर्ष झालं. वयानं गेल्या, झोपेत. मुलींच्या शिक्षणासाठी आम्ही आता बारामतीत राहतो, पण पंधरा दिवसांनी सणसरला जाऊन जुन्या घराचं कुलूप काढते, झाडून-पुसून येते. मागच्या खेपेला शेळगावची एक म्हातारी दारात येऊन उभी राहिली.

"सजदेवाली बी हितंच ऱ्हायची न्हवं?"

मी हो म्हटलं, पाणी दिलं. ती उंबऱ्यावर बसून तासभर अम्मांच्या गोष्टी सांगत राहिली. त्यातल्या निम्म्या मलाही ठाऊक नव्हत्या. मग वाटलं, मला ठाऊक आहेत त्या तरी लिहून ठेवाव्यात, विरून जायच्या आत.

अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई, मेहबूबबी. आमचं घर बांगडीवाल्यांचं. सासरे गेले तेव्हा माझे मालक मुबीन चौथीत होते. अम्मांनी बांगड्यांच्या माळा स्वतःच्या खांद्याला लावल्या आणि सणसर, शेळगाव, मधल्या साऱ्या वस्त्या पायी धरल्या. मी २००४ साली लग्न होऊन आले तोवर त्यांचं फिरणं बंद झालं होतं. बायकाच घरी यायच्या. दुपारची कामं उरकली की ओसरीत चटई पडायची. एक हात अम्मांच्या हातात, दुसऱ्या हातानं तोंडावर पदर, आणि हिरव्या काचेचा किणकिणाट. अम्मांची बोटं टोकाला गोल, फुगीर, नखं वाटीसारखी वर आलेली. बायका म्हणायच्या, "बीची बोटं बरकतीची. मनगट कसलं बी असूं दे, बांगडी आपसूक आत." भरून झालं की सवाष्ण खाली वाकून अम्मांना नमस्कार करायची. अम्मा डोक्यावर हात ठेवायच्या आणि एक बांगडी वर द्यायच्या. "ही मोडंल तिच्या जागी," म्हणायच्या.

नमाजात आधी उभं राहायचं असतं, मग वाकायचं, मग कपाळ जमिनीला टेकवायचं. ते टेकवणं म्हणजे सजदा. आम्ही तीनदा अल्लाची थोरवी म्हणतो आणि डोकं उचलतो. अम्मांचं डोकं उचललंच जायचं नाही. लग्नानंतर पहिल्या दुपारी मी घाबरून मुबीनना हाक मारली होती, "अहो, अम्मांना काही झालं का बघा!" ते हसले. "तिला काय हुतंय? अल्लासंगं बोलत आसंल." नंतर सवय झाली. अम्मांनी कपाळ टेकवलं की मी तव्यावर भाकरी टाकायची. दोन भाकऱ्या भाजून व्हायच्या, तेव्हा त्या सलाम फेरून नमाज संपवायच्या. उठताना चेहरा असा ताजा असायचा की वाटावं, बाई आत्ताच आंघोळ करून आली.

ही गोष्ट गावभर झाली. बायका बांगड्या भरता भरता हळूच म्हणायच्या, "बी, पोराची परीक्षा हाय, तेवढं तुमच्या लांबड्या सजद्यात घ्या." कुणाची सून दिवसांत असायची, कुणाची म्हैस आटलेली. आमच्यातल्या यायच्या, मराठ्यांच्या यायच्या, बौद्धवाड्यातली तुळसा तर हक्कानं यायची. अम्मा नाव नीट विचारून घ्यायच्या आणि खरोखर नाव घेऊन मागायच्या. बदल्यात कधी काही घेतलं नाही. एकदा एकीनं गुळाची ढेप आणली, तर अम्मा म्हणाल्या, "ही घीऊन जा. गूळ दिला म्हनून वरचा जास्त ऐकत न्हाय."

मला त्यांचा हेवा वाटायचा, हे आज कबूल करते. मीही पाच वेळची नमाजी, रोज वही लिहिणारी, सकाळी कुराण वाचल्याशिवाय चहा न घेणारी. पण माझ्या सजद्यात दूध उतू जायचं भान असायचं. असं हरवून जाणं मला कधी साधलं नाही.

बाकी अम्मांची तब्येत म्हणजे चेष्टेचा विषय होता. चार पावलं चालल्या की धाप. फिरतीवर असताना त्या वाटेत कालव्याच्या भरावावर सरळ आडव्या व्हायच्या. शेळगावची ती म्हातारी हेच सांगत होती, "आमी म्हनायचो, बी, बांगड्या इकाय आलीस का झोपा काढाय?" अम्मा पडल्या पडल्या उत्तर द्यायच्या, "झोप फुकट हाय, बांगडी इकत." पाहुण्यांत त्यांचं नावच लोळणी बी पडलं होतं. वर उन्हाळा असो की थंडी, महिन्यातून दोन-तीनदा घोळणा फुटायचा, नाकातून रक्त यायचं. डोक्यावर पाणी, नाकाला कांदा, सब्जाचं सरबत. घरादाराचं एकच उत्तर: उष्णता! ओठांवर आणि जिभेवर बारीक लाल ठिपके होते, तेही उष्णतेचे. मुबीनचा घोळणा फुटायचा, तर तीही आईची उष्णता पोराला लागलेली. अम्मांचे वडील चाळिशीत डोक्यात पू होऊन गेले, त्यांचाही फुटायचा म्हणे. धाप मात्र दम्यात धरली होती. फवारा दिलेला, त्यानं काही व्हायचं नाही. मशिदीकडच्या एका नातलगानं सुचवलं, त्रास होतो तर खुर्चीवर बसून नमाज पढा. दोन दिवस पढल्या आणि खुर्ची ढकलली. "हितं जीव गुदमरतोय. मला खालीच बरं वाटतंय."

हे सगळं डोळ्यांसमोर होतं. तरी इतक्या वर्षांत कुणाला जोडता आलं नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तुळसा दारात आली. ती आमच्या वाडीची आशा ताई. तोंडाला दोन मास्क, हातात ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायचा चिमटा. म्हणाली, "बी, बोट दे."

आकडा चौऱ्यांशी.

तुळसा माझ्याकडे वळली. "मेहजबीन, कापडं भर. बारामतीला न्यायला लागतंय."

"काय बी झाल्यालं न्हाय मला," अम्मा म्हणाल्या, "भेंडीची भाजी खाल्ली आत्ता."

तपासणी झाली, कोरोना नव्हताच. पण तुळसा तो चिमटा आमच्याकडेच ठेवून गेली आणि मला म्हणाली, "तू लिव्हनारी बाई हाय. सकाळ-संध्याकाळ आकडा लिव्ह." मी लिहीत गेले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, बसलेल्या असताना चौऱ्यांशी, पंच्याऐंशी, उभं राहिल्यावर एक्क्याऐंशी. पण आडव्या असताना ब्याण्णव. मला वाटलं चिमटा बिघडला. माझ्या बोटाला लावून बघितला, तर मला बसून-उठून-पडून सगळं सारखंच. मग एक दिवस जोहरची, म्हणजे दुपारची नमाज झाल्यावर म्हटलं, "अम्मा, एकदा नुसतं डोकं टेकवून दाखवा ना. बोट माझ्याकडे द्या."

"अल्लाच्या दारात मोजमाप करतीस व्हय गं?"

"औषधासाठीच, अम्मा."

टेकवलं. आकडा चढत चढत ब्याण्णववर गेला. मी वहीत लिहिलं आणि पुढं शब्द घातला, सजदा.

निर्बंध उठल्यावर बारामतीला गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नाव प्रियदर्शनी, माहेर इंदापूरकडचं. त्यांनी आधी अम्मांची बोटं हातात घेऊन बघितली. मग ओठ. मग माझी वही मागून घेतली आणि तो सजद्याचा आकडा दोनदा वाचला.

"आजी, कधी हात बधिर झाला होता?"

अम्मा नाही म्हणाल्या, पण मला आठवलं. आदल्या रमजानात उजव्या हातातून बांगड्यांचा जुडगा गळून पडला होता, तोंड जरा वाकडं झालं होतं. अर्ध्या तासात सगळं परत जागेवर. वारं येऊन गेलं म्हणून आम्ही लसूण-तेल चोळलं होतं. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

त्यांनी इको करताना हाताच्या शिरेतून बुडबुडे घातलेलं मिठाचं पाणी सोडलं. पडद्यावर हृदयाच्या उजव्या कप्प्यात चांदणं सांडल्यासारखे बुडबुडे आले. बाई म्हणाल्या, हे फुप्फुसात गाळले जाऊन तिथंच संपायला पाहिजेत. चार ठोके गेले आणि डावा कप्पाही बुडबुड्यांनी भरला. दुसऱ्या दिवशी रंगाचं इंजेक्शन देऊन छातीचा सिटी स्कॅन झाला. काळ्या फुप्फुसात तळाशी दोन पांढरे गोळे, एक बोराएवढा, एक वाटाण्याएवढा, आणि त्यांना जाडजूड शेपट्या.

बाई समजावून सांगू लागल्या. "आजी, तुमच्या शेताला पाणी कुठून येतं?"

"श्यात कुठलं, बाई? बांगड्या इकते मी."

बाई हसल्या. "बरं, शेजाऱ्याच्या उसाला?"

"चारीनं."

"चारीतून सरीत जातं, तिथं जिरतं, तेव्हा ऊस भिजतो. तसं रक्त फुप्फुसात बारीक जाळीत पसरतं आणि हवा घेतं. तुमच्याकडे दोन जागी चारीला भगदाड आहे. रक्त जाळीत जातच नाही, परस्पर ओढ्याला मिळतं. हवाही घेत नाही आणि गाळलंही जात नाही. मग एखादी गुठळी थेट मेंदूत जाते, किंवा जंतू जाऊन पू होतो. हात बधिर झाला तो त्यातलाच प्रकार. पुढचा झटका अर्ध्या तासात जाईलच असं नाही."

डोक्यात पू होऊन गेलेल्या वडिलांचं नाव कुणी काढलं नाही, पण अम्मांनी पदर सावरला.

"ही भगदाडं तळाशी आहेत," बाई म्हणाल्या, "म्हणून उभं राहिलं की तिकडून जास्त रक्त जातं आणि तुम्ही दमता. आडवं झालं, डोकं टेकवलं, की रक्त वरच्या चांगल्या भागात पसरतं. सजद्यात तुम्हाला बरं वाटतं ना, ते यानंच!" कोडं सुटल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. त्यांची काही चूक नाही. पण मी अम्मांकडे बघितलं आणि मला ती वही फाडून टाकावीशी वाटली.

इलाज अवघड नव्हता. पुण्याला जायचं, जांघेतल्या शिरेतून बारीक नळी फुप्फुसापर्यंत न्यायची आणि त्या शेपट्यांत तारेची गुंडाळी बसवून त्या बुजवायच्या. छाती उघडायची नाही, भूलही जागेपुरती. आणि हा विकार रक्तातून पुढं येतो, घोळणा आणि ओठांवरचे ठिपकेही त्याचेच, तेव्हा मुबीननीही बुडबुड्यांची तपासणी करून घ्यायची.

घरी आल्यावर अम्मा म्हणाल्या, "मला न्हाय बुजवायचं."

मुबीन लोणी देवकरच्या कंपनीतून नुकतेच आले होते, अजून बूटही काढले नव्हते. "का? भ्या वाटतंय?"

"भ्या कसलं?" एवढंच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तवा ठेवला आणि पहिली भाकरी उलटायच्या आत अम्मा सलाम फेरून मोकळ्या. मला वाटलं चुकलं काही. उन्हं कलल्यावर असरलाही तसंच. तीनदा थोरवी आणि डोकं वर. उठल्या की भिंत धरायच्या, ओठ जांभळे. एक बाई नातवासाठी दुवा सांगायला आली, तर तिला म्हणाल्या, "मशिदीत सांग बाई, माझ्याच्यानं हुत न्हाय." त्या चार दिवसांत ओसरीतली चटई उलगडली नाही.

पाचव्या दिवशी मी पाय चेपता चेपता विचारलं, तेव्हा बोलल्या. "मेहजबीन, तितं मला श्वास मिळायचा गं. सगळीकडं कोंडायचं आन् तितं सुटायचं. मला वाटायचं, अल्लानं जवळ घेतलंय. आता कळलं, ते भोक व्हतं. एवढ्या बाया इस्वासानं यायच्या. मी त्यांना फसीवलं का न्हाय?" मग म्हणाल्या, "आन् बुजवून घेतलं तर तेवढी बी जागा ऱ्हायची न्हाय मला."

मी पाय चेपत राहिले. मी मनात म्हटलं, या अल्ला, या बाईचा तिच्या सजद्यावरचा विश्वास मी एका चिमट्यानं मोडला.

तुळसाला मीच बोलावलं. ती आली ती हात पुढं करूनच बसली. "भर बांगड्या."

"माल न्हाय," अम्मा म्हणाल्या.

"खोटं बोलतीस. माळ दिसतीय मला हितनं." आणि मग एकदम, "बी, माझ्या रविंद्राला कावीळ झालती, तवा तू तीन दीस मागत व्हतीस. तवा तू धाप काढत व्हतीस का दुवा मागत व्हतीस?"

"दुवाच मागत व्हते."

"नाव घीऊन?"

"घीऊन."

"मग झालं तर! सरपणाला गेल्याल्या बाईला रानात सावली घावली, म्हनून तिनं सरपण आनलं न्हाय का? सावलीत बसली आसंल घडीभर. मोळी तर आनली ना?" तुळसा उठता उठता म्हणाली, "मी तर तुज्या अल्लाला मानत बी न्हाय, बुद्धवंदना म्हनते. तरी तुज्याकडं का आले? तू नाव ध्येनात ठेवतीस म्हनून. एवढं टाळकं फुटस्तवर लांब सजदा कुनी सांगितला व्हता तुला?"

अम्मांना हसू आलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तरी पुण्याचं नाव काढेनात. शेवटी मुबीननी कंपनीत सुट्टी टाकली आणि पेटीवर बसून सांगितलं, "अम्मे, तू बुजवनार न्हाय तर मी बी तपासनार न्हाय. तुजा बाप, माझा नाना, डोक्यात पू हून गेला. तू बी तशीच जा, मग मी बी जातो. मेहजबीन बांगड्या इकंल."

"जिभेला हाड हाय का तुज्या?"

"उष्णता हाय माझ्यात, आईची."

अम्मांनी हातातला पंखा फेकून मारला. मग धापा टाकत आडव्या झाल्या. "आदी तुजे बुडबुडे बघायचे," म्हणाल्या. "तुजं बघितल्याबिगर मी गाडीत पाय ठेवायची न्हाय."

आम्ही बारामतीला गेलो. मुबीनचे बुडबुडे उजव्या कप्प्यात आले आणि विरले. डावीकडे एकही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घोळणा फुटत राहील, दर काही वर्षांनी बघत राहू, पण आज फुप्फुस स्वच्छ आहे. अम्मा कोपऱ्यात खुर्चीवर बसून पडद्याकडे एकटक बघत होत्या. नंतर त्यांनी माझा हात घट्ट धरला. "चल, पुन्याला."

पुण्यात त्या जाग्याच होत्या. नळी फिरवणारे डॉक्टर पडद्यावर बघत मधूनच सांगायचे, "आजी, श्वास धरा." बाहेर आल्यावर अम्मांनी मला सांगितलं, "रंग सोडला की छातीत गरम हुतंय. त्या पडद्यावर माझ्या शिरा झाडाच्या मुळ्यांसारख्या दिसत व्हत्या. आन् मग त्यानं तार घातली, आन् एक मुळी इझली. तारेची बांगडीच म्हन. तेवढं भरनाऱ्याला बरकतीची बोटं हायती." संध्याकाळी उशीला टेकून बसलेल्या असताना परिचारिकेनं चिमटा लावला. चौऱ्याण्णव. दोन-तीन दिवस छातीत कळ यायची, ती येणारच असं सांगितलं होतं. दात काढायचा झाला तरी आधी औषध घ्यायचं, जंतू डोक्यात जाऊ नयेत म्हणून, हेही चार वेळा बजावलं. मी लिहून घेतलं.

सणसरला परतलो त्याच्या तिसऱ्या दिवशीची दुपार. चिंचेखाली ट्रॅक्टर उभा होता, चारीला पाणी सुटलं होतं. अम्मा वजू करून, हातपाय-तोंड धुऊन आल्या, म्हणाल्या, "तू बी ये, संगंच पढू." आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिलो. मी माझं पढून वाकले, कपाळ टेकवलं, उठले, पुन्हा टेकवलं, पुन्हा उभी राहिले. अम्मा अजून एकदाही वाकल्या नव्हत्या. नजर खाली ठेवायची असते, पण मी तिरकी बघितली. भिंत धरलेली नव्हती. ओठ हलत होते, अगदी कमी आवाजात, थांबत थांबत, कुठं अडलं की दोन शब्द मागं येऊन. त्या कुराणातली एक लांबलचक सूरह म्हणत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून नमाजात कधी ऐकली नव्हती. मग त्यांचा सजदा झाला, साधा, माझ्याएवढाच.

माझी नमाज संपून तस्बीहचे मणीही मोजून झाले, तेव्हा त्यांनी सलाम फेरला.

"अम्मा, ही कुठली काढली?"

"अब्बांनी शिकीवलती, परकरात असताना." त्या गुडघे चोळत होत्या. "लई लांब हाय ती. उभं ऱ्हाया यायचं न्हाय, म्हनून आखूड म्हनून उरकायची मी. पटकन खाली जायला मिळावं म्हनून. चाळीस-पंचेचाळीस वर्सं झाली. मधल्या दोन ओळी इसरले, तेवढ्या तुज्या कुराणात बघून सांग."

मी कुराण आणायला उठले. मागून त्यांचा आवाज आला, "आन् तुळसाला निरोप धाड. म्हनावं, माल आलाय. उभ्यानं भरते बांगड्या, ये."